सहीचा आवाज

१५ सप्टेंबर, सोमवार

कागद आज आला. चार पानं. दादाने प्रिंट काढून आणली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. उडू नये म्हणून वर अंगाऱ्याची डबी. शीर्षक: हक्कसोड पत्र. लिहून देणार दोघी. (१) आई, वय ५४, धंदा घरकाम. (२) मी, वय २७, धंदा घरकाम.

चार वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करतेय. माझ्या नावापुढचं 'घरकाम' खोडून 'ध्वनिमुद्रक' लिहिलं. बाकी कशाला हात लावला नाही.

दादा म्हणाला, "धंदा काय बी लिव्ह. शेवटच्या पानावरची सही म्हत्त्वाची."

पितृपंधरवडा आहे म्हणून घाई नाही. दिवाळीच्या आगेमागे पौडला जाऊन नोंदणी करायची, असं ठरलं आहे. कोणी ठरवलं ते विचारलं नाही. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. सातबाऱ्यावर आता तीन नावं, एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरात: आई, दादा, मी. ओढ्याच्या वरच्या पट्टीला गिऱ्हाईक आहे, बंगल्यांच्या स्कीमवाला. त्याला एकच नाव हवं.

तिसऱ्या पानावर एक वाक्य: 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला.' तीनदा वाचलं. यातल्या कशालाच पुरावा लागत नाही.

१७ सप्टेंबर

सेटवर सकाळी सात. घरापासून चालत बारा मिनिटं. या मालिकेचा तेवढा एक फायदा. पुण्यातल्या कोणाचा तरी शनिवार-रविवारचा बंगला आहे. समोर प्लायवूडचा दरवाजा ठोकून त्याचं इनामदारांचं घर केलंय.

गोष्ट: वडील वारलेत, एक भाऊ, दोन बहिणी. थोरली नायिका. बुलेट चालवते, कंपनीत मॅनेजर आहे, पहिल्याच भागात गुंडाच्या कानाखाली वाजवली. धाकटी खलनायिका. तिला वाटा हवाय. म्हणून तिला गडद लिपस्टिक, बिनबाह्यांचा ब्लाऊज, आणि ती दारातून आली की मागून मांजर गुरगुरल्यासारखं संगीत. ते मुंबईत घालतात, माझ्याकडे नाही.

दिवाळीच्या विशेष भागात थोरलीसमोर हक्कसोडचा कागद येणार. लेखिकेच्या पहिल्या खर्ड्यात ती तो फाडते आणि म्हणते, "दादा, मी पाहुणी नाही." ते पान घडी करून खिशात ठेवलं.

योगायोग वगैरे काही नाही. दिवाळीच्या सुमाराला असे कागद घरोघरी होतात.

१८ सप्टेंबर

सुट्टी. वरच्या पट्टीवर जाऊन एक मिनिट रेकॉर्ड केलं. दर वर्षी करते. हे पाचवं. सेटवरही प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता घ्यावी लागते, संवादांच्या फटी बुजवायला. इथे फटी नाहीत. सवय म्हणून घेते.

खाली गावात कुठेही यंत्र लावा, जेसीबी येतो, काँक्रीटचा मिक्सर येतो, डीजेचं टेस्टिंग येतं. वरच्या पट्टीवर फक्त ओढा आणि भाताची पात. यंत्रावर आवाजाचा आकडा इथेच सगळ्यात खाली जातो. जाड भिंतींची एक खोली, दहा बाय चौदा, माझ्या कामाची, असं अण्णांना सांगितलं होतं. अण्णा म्हणाले होते, "शांतता घिऊन काय करत्यात गं, बारके?" आणि हसले होते. नाही म्हणाले नव्हते.

नाही न म्हणणं म्हणजे हो नव्हे. स्वतःसाठी लिहून ठेवते.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

नवीन पानं आली. थोरली कागद फाडत नाही. सही करते. भावाच्या पाया पडते, भाऊ तिला उठवतो, ती म्हणते, "मला जमीन नको दादा, तुझ्या दारातलं ओवाळणीचं ताट हवं."

फाडायचं का काढलं, असं कॅमेरावाल्याने विचारलं. दिग्दर्शक म्हणाले, "मुलीने वाटा मागितला की ती व्हिलन होते रे. आणि व्हिलन आपल्याकडे ऑलरेडी आहे." सगळे हसले. मीही हसले. नंतर रेकॉर्डिंगमध्ये तपासलं, खरंच हसले होते.

नायिकेला कॉलर माइक लावत होते. सेटवर सगळे तिला मॅडम म्हणतात, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. तिने विचारलं, "तू केली असतीस सही?"

"मान थोडी वर घ्या. वायर दिसतेय."

"मी ना, वाटा पण घेतला असता आणि भाऊबीजेची साडी पण." मग घाईने, "ए, हे बाहेर नाही हां बोलायचं. हा चालू आहे का?"

"लावला की चालूच असतो."

प्रत्येकाला हे वाक्य सांगते. लावला की चालूच असतो, जे बोलाल ते मला ऐकू येतं. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. दुसरं वाक्य: जे कानात आलं ते कानातच ठेवायचं. चार वर्षांत दोन्ही एकदाही मोडली नाहीत.

२३ सप्टेंबर

दादा सकाळी गोठ्यापाशी बोलला. मोठ्याने नाही. तो मोठ्याने कधीच बोलत नाही, तीच अडचण.

"तुला आजवर काय कमी केलं का, पुनमे?"

नाही केलं. डिप्लोमाची तीन वर्षं पहाटे साडेपाचला मोटारसायकलवरून चांदणी चौकापर्यंत त्यानेच सोडलं. पावसात स्वतःचा रेनकोट मला. हे खरं आहे.

"लग्न बी मीच लावून देणार. गाव बघत ऱ्हाईल आसं. मग त्या पट्टीचं तू काय करणार? सासरी उचलून नेणार व्हय?"

खोलीबद्दल सांगितलं. दहा बाय चौदा. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही तरी बालिश मागितलंय.

"सुनं-सुनं ऐकाय खोली?" मग हसला. "तुला पुण्यात भाड्यानं घिऊन दितो की एक."

रेनकोट दिला होता त्याबदल्यात पट्टी मागत नाहीये तो. त्याला खरंच वाटतं की ती त्याचीच आहे आणि मी उगाच मध्ये उभी आहे. वाईट माणसाशी भांडणं सोपं गेलं असतं.

२६ सप्टेंबर

ललिता पंचमी. चुलत्याकडे हळदीकुंकू. सुमनकाकूने सगळ्यांदेखत, कुंकू लावता लावता:

"काय गं, सही करणार हायेस न्हवं? का आमच्यातली ती मालिकेतली धाकटी तूच व्हणार?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं लिपिस्टिक तरी लावायची मग!"

आई खाली बघून वाणाचा तांदूळ ओंजळीत सारखा करत होती.

मालिका सातला लागते आणि साडेसातला संपते. पण दिवसभर या बायकांच्या डोक्यात ती चालू असते. माणसं ओळखायची त्यांची मोजपट्टी ती झाली आहे. मागणारी एक, देणारी एक. तिसरी बाई तिथे लिहिलेलीच नाही, मग ती त्यांना दिसणार कशी? आणि त्या मोजपट्टीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून रोज सकाळी सातला मी हजर असते.

३० सप्टेंबर

वहिनी भाकरी थापत होती. तिचं माहेर नांदे गावात. मागच्या वर्षी गणपतीआधी तिने तिच्या भावांना सही दिली. मी पाण्याचा तांब्या भरत होते. एकदम म्हणाली:

"ताई, एक सांगू? राग न्हाई ना?"

"सांग."

"तुमी न्हाई म्हणालात तर मला लई तरास व्हईल."

"तुला का?"

भाकरी उलटली. "मी दिली तवा मला वाटलं, द्यायचीच आसती. सगळ्याच देत्यात. आता घरात एकजण न्हाई म्हणली, म्हंजे न्हाई म्हणता येत व्हतं. मग मी येडी ठरले की."

तांब्या भरून सांडला.

हे तिने जितकं नेमकं सांगितलं तितकं मला चार वर्षं मालिकांची पानं वाचून कळलं नव्हतं. बघणाऱ्या बायकांना थोरलीने सही केलेली हवी आहे, कारण त्यांनी केली आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

विशेष भागाचा सीन. भाऊबीज, ओसरी, ताट, कागद. मागे गर्दीला गावातल्या चौदा बायका हव्या होत्या. सुमनकाकूने गोळा केल्या, त्यात आई. आई येणार हे मला सेटवर कळलं. हिरवं लुगडं, नाकात नथ. दिग्दर्शकांनी गर्दीतून तिला पुढे घेतलं. "या आजींचा चेहरा छान आहे. एक वाक्य देऊ." चोपन्नाव्या वर्षी आजी. आई हरखली.

वाक्य: "अशी पोर घरोघरी जन्माला येऊ दे गं बाई." थोरलीने सही केली की आईने डोळे टिपत हे म्हणायचं.

माइक मीच लावला. "हे काय गं, पदरात इंचू बसल्यागत वाटतंय." तिला म्हणाले, "आई, लावला की हा चालूच असतो. काय बोलशील ते मला ऐकू येतं." म्हणाले हे नक्की. तिने मान हलवली हेही नक्की.

तीन टेक. तिसऱ्यानंतर लाइट बदलायला पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंग चालू होतं. मी जनरेटरमागे, कानावर हेडफोन. आई आणि सुमनकाकू पायरीवर. कॅमेऱ्याच्या गर्दीतून दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या.

काकू: "बरं बोललीस की गं! टीव्हीवाली झालीस!"

आई: "बोलाय काय लागतंय." मग बराच वेळ नुसता बांगड्यांचा आवाज. मग: "मी बी केली व्हती की सही. कासारसाईला. दोन भाऊ, मी एकली. आंगठा न्हाई हां, सही. सातवी पास हाय मी."

काकू: "मग? माहेर ऱ्हायलं न्हवं?"

आई: "पयल्या भाऊबीजला साडी आली. दुसऱ्या वर्षाला बिलाऊजपीस. तिसऱ्याला नुसता फोन. आता फोन बी न्हाई."

काकू हसली. आईही हसली. आवाजाचा काटा वर गेला.

आई: "पोरीला सांगावं वाटतंय, नको करू म्हणून. पर सांगून म्या जाऊ कुटं? घर त्येचं, चूल त्येच्या बायकूची. म्हातारपण त्येच्याच दारात काढायचं हाय." आणि मग, हळू, पण माइक छातीवर होता: "करंल ती सही. माझीच हाय ती. बोलत न्हाई आन् करती."

एक मिनिट चाळीस सेकंद.

त्यानंतर चौथा टेक झाला. आईने डोळे टिपले, वाक्य बरोबर म्हटलं. दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या. मी बोट वर केलं. आवाज स्वच्छ आहे, अशी खूण.

५ ऑक्टोबर

रेकॉर्डिंगचं कार्ड मुंबईला द्यायच्या आधी आईच्या बोलण्याचा तेवढा तुकडा काढून घेतला. माझ्या ड्राइव्हवर. चार वर्षांतलं पहिलं.

आता त्याचं काय?

दादाला ऐकवला, तर आईला उरलेलं आयुष्य त्याच्या दारात काढायचं आहे. काकूला ऐकवला, तर ती स्वतः त्यात आहे, गावभर करेल. आईला ऐकवला, तर मी तिचं चोरून ऐकलं असं होईल. कोणालाच नाही ऐकवला, तर आई म्हणाली तेच खरं: माझीच हाय ती.

माझ्या बाजूची एकमेव साक्ष माझ्याकडे आहे आणि ती वापरता येत नाही.

आज केबल गुंडाळताना दोनदा सुटली.

७ ऑक्टोबर

मुंबईहून फोन. सहीच्या वेळी पेनाचा आवाज येत नाही. मॅडमकडे जेल पेन होतं, ते कागदावर घसरतं नुसतं. दिग्दर्शक: "घरात भाकरी करणाऱ्या बाईला पेन ऐकू आलं पाहिजे. तिच्या काळजावर चाललं पाहिजे ते." सही वेगळी रेकॉर्ड करून पाठव म्हणाले.

रिकाम्या खोलीत बसले. लाकडी पाट, त्यावर मालिकेतला खोटा स्टॅम्प पेपर, साधं बॉलपेन, जरा जुनं. माइक चार बोटांवर. सहा वेळा घेतलं. पहिल्यात सुरुवातीला टकटक जास्त. चौथी चांगली. सहावी उत्तम: एक दीर्घ ओढ, तीन वळणं, शेवटी टिंब.

फाइल पाठवल्यावर कागद बघितला. सहाही माझ्या. हाताला दुसऱ्या कुणाची सही येत नाही, हे आधी सुचलंच नाही. आवाजाकडे लक्ष होतं.

कागद बारीक फाडला. फाइल गेलेली होती.

८ ऑक्टोबर

उत्तर आलं: 'परफेक्ट. हीच हवी होती.'

१२ ऑक्टोबर, रविवार

आई सुपात तांदूळ घेऊन पडवीत खडे काढत होती. समोर बसले. मीही काढू लागले. अर्ध्या तासात एकवीस शब्द ठरवले आणि त्यातले पाच बोलले.

"आई, तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाचं काय करतीस?"

"तूही सही करणार आहेस. तुझंही नाव आहे त्यावर."

"नाव काय, कागदाव आसतं." खडा टाकला. "दादा म्हणतो तसं करावं. चांगलं हाय पोरगं."

तिच्याकडे बघत राहिले. तिने एकदाच वर बघितलं, असं की मी अजून काहीतरी बोलणार आहे आणि ती थांबली आहे. मी बोलले नाही. मग तिने सूप झटकलं.

तेव्हापासून एकच प्रश्न. मी तिला सांगितलं होतं, चालूच असतो. तिने मान हलवली होती. मग ती विसरली? की विसरली नव्हती?

विसरली असेल तर मी चोर आहे. विसरली नसेल तर

१६ ऑक्टोबर

पौडला नंबर मिळाला. २४ ऑक्टोबर, शुक्रवार. भाऊबीजेचा दुसरा दिवस. दादा खूश. "बरं झालं. आदी ओवाळायचं, मंग सही. मालिकेत बी तसंच हाय म्हणं?"

"हो."

"तूच केलास न्हवं त्यो भाग?"

"आवाज माझा आहे."

त्याला काही कळलं नाही. बरोबरच आहे.

१९ ऑक्टोबर

सेट बंद, दिवाळी संपेपर्यंत. पट्टीवर गेले होते. भात पिवळा पडलाय, आठ दिवसांत कापणी. बांधावर चुन्याच्या खुणा. कोणीतरी फिती लावून मोजून गेलंय. दहा बाय चौदाची माझी खोली जिथे व्हायची तिथे लाल कापडाची खुंटी.

उपटली नाही. उपटावीशी वाटली नाही, हे जास्त वाईट. मनातून मी कधीच देऊन बसले आहे का, हे कळायला कोणतं यंत्र लावायचं?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दुपारी ओवाळलं. दादाने पैठणी दिली, मोरपंखी. आयुष्यातली सगळ्यात महाग साडी. सगळ्यांनी हातात घेऊन पदर बघितला. वहिनी म्हणाली, "लई सुरेख." तिच्या भावांनी काय दिलं, कोणी विचारलं नाही.

सातला सगळे टीव्हीसमोर. शेजारच्याही आल्या, आईला बघायला. ओसरी भरली.

कागद आला. घरात कोणी हललं नाही. मग पेन. दिग्दर्शकांनी मागचं संगीत बंद केलं होतं, पूर्ण शांतता, आणि त्यात फक्त ते: दीर्घ ओढ, तीन वळणं, टिंब. पडद्यावर मॅडमचा हात. आवाज माझ्या हाताचा. सुमनकाकूने पदर तोंडाला लावला. वहिनी रडली. दादाचे डोळे भरले, तो उठून बाहेर गेला. सगळ्यांनी माझी सही ऐकली, हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

मग आईचा चेहरा, पडदाभर. "अशी पोर घरोघरी जन्माला येऊ दे गं बाई."

एकच गलका. "परत म्हणा! वयनी, हितं म्हणून दाखवा की!" आई नको नको म्हणत होती. काकूने मला पुढे ढकललं. "हिच्याकडं बघून म्हण. उद्याची सही हिचीच हाय."

आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हटलं. शब्द तेच. टेक चारपेक्षा दीड सेकंद उशिरा.

टाळ्या.

मी मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला. तेवढ्याच आवाजात रडता येतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. पौड, नोंदणी कचेरी

बाकावर बसून लिहितेय. हाताला काम हवं. अकरा नंबर चालू आहे, आमचा चौदा. दादा आत वकिलाशी बोलतोय. वहिनी झेरॉक्सला गेलीय. बाकावर आई आणि मी. आई हिरव्या लुगड्यात. मला पैठणी नेसवली आहे. दारातून जाणाऱ्या दोन बायकांनी आईला ओळखलं. "त्या मालिकेतल्या तुमीच न्हवं?" आई हसली.

गाडीत येताना आई कानाशी म्हणाली, "सही करताना रडू नको हां. मी रडले तर भाऊ म्हणले, आगं, जबरदस्ती केल्यासारकं दिसतंय." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. सत्तावीस वर्षांत कासारसाईच्या सहीबद्दल माझ्याशी तिने काढलेला हा पहिला शब्द.

बारा नंबर. एक म्हातारी आणि तिच्या तीन मुली. आत विचारतात ते इथे ऐकू येतं. "वाचलंय का? मान्य आहे ना? अंगठा ठेवा, कॅमेऱ्यात बघा." "व्हय." "व्हय." "व्हय." तिघींचाही एकच सूर.

पर्समध्ये फोन आहे. फोनमध्ये फाइल आहे. एक मिनिट चाळीस.

जे कानात आलं ते कानातच ठेवायचं. ठीक. ज्याचं आहे त्याच्या कानात.

तेरा पुकारला.

आईच्या डाव्या कानात इयरफोन लावला. तिला वाटलं मालिका. "परत काय ऐकवतीस?" म्हणाली. मी सुरू केलं.

दहा सेकंद. हसतेय. स्वतःचा आवाज ओळखला.

तीस. हसू गेलं. समोरच्या भिंतीकडे बघतेय. भिंतीवर फक्त सूचनाफलक.

पन्नास. बांगड्या धरल्या आहेत, वाजू नयेत म्हणून.

एक मिनिट वीस.

संपलं. तिने इयरफोन काढला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवाच आयकलं व्हतंस न्हवं हे?"

मान हलवली.

"चालूच आसतो म्हणली व्हतीस तू."

"हो."

"मग?"

मग. वीस दिवस ती वाट बघत होती, आणि मी तिचं चोरून ऐकल्याची लाज धरून बसले होते. दोघी गप्प. माझीच हाय ती.

तिने हात माझ्या मनगटावर ठेवलाय, म्हणून ही अक्षरं हलतायत.

चौदा पुकारला. दादा दारातून हात करतोय, तोच हसरा चेहरा, "या की." वहिनी झेरॉक्स घेऊन आली आहे. ती दादाकडे बघत नाहीये, आमच्याकडे बघतेय.

परत चौदा.

आई उठलेली नाही.